पॉइंट तीनची भिंत

आमच्या चर्चच्या तळघरात स्वयंपाकघर आणि बिंगोचा हॉल यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि तिच्यावर मादाम लाफ्रेनिएर यांचा पंचेचाळीस वर्षांचा राग होता. दफनानंतरची कॉफी असो, बाप्तिस्म्याचा केक असो की बुधवारचा बिंगो, प्रत्येक ट्रे स्वयंपाकघरातून उचलायचा, बोळातून न्यायचा, दोन पायऱ्या उतरून बॉयलरला वळसा घालायचा, परत दोन पायऱ्या चढायच्या, मग हॉल. भिंतीपलीकडे माणसं खोकतात तेही इकडे ऐकू येतं, पण त्यांच्यापर्यंत सूप पोचतं ते गार होऊन. मादाम चौऱ्याऐंशीच्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी आजवर सात फादर पाहिले आणि सातही जणांना एकच सांगितलं, मरायच्या आत ही भिंत पडलेली बघायची आहे.

ती भिंत माझ्या हातची. जिप्समचे बोर्ड दुसऱ्याने ठोकले होते, पण जोडांवरची पट्टी आणि पुट्टी माझी आणि माझ्या बापाची. साल सत्याहत्तर, मी अठराचा. बाप पोतं फोडायचा, पावडर बादलीत ओतायचा, पांढरा ढग उठायचा आणि बाप त्या ढगातूनच ओरडायचा, पाणी घाल, बघत काय उभा राहिलास. सुकल्यावर आम्ही ती पुट्टी पॉलिश पेपरने घासायचो. संध्याकाळी दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे घरी जायचो आणि आई आमचे कपडे मागच्या दारात झटकायची. पोत्यावर काय छापलंय ते बापाने कधी वाचलं नाही, त्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मीही वाचलं नाही.

बाप एकाहत्तराव्या वर्षी नाकात नळी घालून गेला. डॉक्टर म्हणाला, सिगारेट. बाप सिगारेट ओढायचा हे खरंच होतं. डॉक्टरला तेवढं पुरलं.

तर यंदा वसंतात, बर्फ वितळून सगळं गाव चिखलात असताना, चर्चच्या समितीने ठरवलं की मेच्या पहिल्या शनिवारी श्रमदान करून भिंत पाडायची. आमच्याकडे श्रमदान म्हणजे तीस माणसं, तीस हातोडे, दुपारी पिझ्झा आणि काम संपल्यावर, किंवा खरं सांगायचं तर काम संपायच्या बरंच आधी, बियर. धान्याची कोठारं अशी उभी राहिली, जळालेली घरं अशी परत बांधली गेली. श्रमदानाला नाही म्हणणाऱ्याला पुढे दहा वर्षं कोणी गाडीला धक्का मारायला येत नाही.

समितीचा प्रमुख रोझेर, माझ्या बहिणीचा नवरा. स्कूलबस चालवून निवृत्त झालेला. छप्पर, गुडघेदुखी, अमेरिकेचं राजकारण, टर्की किती वेळ भाजायची, रोझेरला ठाऊक नाही असा विषय देवाने अजून काढलेला नाही. मी म्हणालो, पाडायच्या आधी नमुना तपासायला देऊ या, त्या काळच्या पुट्टीत ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. तो म्हणाला, तुझ्या त्या पुट्टीने कोणी मेलं का? पण फादर कोसी म्हणाले, तपासा. फादर आफ्रिकेतल्या बेनिनहून आलेले, तरुण आणि शिस्तीचे. हिवाळ्यात टोपी कानाखाली ओढून प्रवचन देतात.

मग मी आयुष्यभर करत आलो तेच केलं. मी राहतो कॅनडात, गातिनोत, म्हणजे क्वेबेक प्रांतात, आणि चौतीस वर्षं कामाला जातो नदीपलीकडे ओटावात, म्हणजे ओन्टारियो प्रांतात. आमच्याकडचे निम्मे लोक असेच. सकाळी पूल ओलांडायचा, दिवसभर इंग्रजीत हो हो करायचं, संध्याकाळी पूल ओलांडून फ्रेंचमध्ये शिव्या द्यायच्या. जिथे आमच्या पाडकामाच्या कंपनीचे नमुने जातात त्याच पलीकडच्या प्रयोगशाळेत मी भिंतीचे तीन तुकडे नेले. वरचा, मधला, खालचा. ओल्या फडक्यात, पिशवीत, नियमाप्रमाणे. फॉर्मवर कामाचा पत्ता विचारला होता. हाताला सवय, मी कंपनीचाच पत्ता खरडला. ओटावाचा.

आठवड्याने अहवाल आला. चार पानं, इंग्रजी. मी शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचली: हा माल ॲस्बेस्टॉसयुक्त नाही. रविवारी प्रार्थनेनंतर फादरांनी मला पुढे बोलावलं आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, भिंत स्वच्छ आहे, शनिवारी हातोडे घेऊन या. टाळ्या पडल्या. चर्चमध्ये माझ्यासाठी टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ. मादाम लाफ्रेनिएर यांनी माझा गाल चिमटीत धरला, मी आठ वर्षांचा असल्यासारखा.

गुरुवारी फादर म्हणाले, अहवाल फलकावर लावू, पण लोकांना इंग्रजी कशाला, तू फ्रेंच करून दे. तोवर ते एका दफनासाठी उत्तरेला तीनशे किलोमीटर निघून गेले, जिथे फोनला रेंज मिळाली तर चमत्कार म्हणायचा. मी तळघरात बिंगोच्या टेबलावर बसलो आणि एकेक ओळ उतरवायला लागलो. पान तीन. वरचा तुकडा, काही नाही. मधला, काही नाही. खालचा, क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसच, पॉइंट तीन टक्के. आणि त्याखाली बारीक अक्षरात: निष्कर्ष या प्रांताच्या नियमानुसार, मर्यादा पॉइंट पाच टक्के.

या प्रांताच्या म्हणजे त्या प्रांताच्या.

मी एक शिवी हासडली. आमच्याकडच्या शिव्या सगळ्या चर्चच्या सामानावरून, पेटी, पेला, भाकर, आणि मी चर्चच्याच तळघरात, म्हणजे वर हाताच्या अंतरावर त्या सगळ्या वस्तू. देवाने मनावर घेतलं नसावं. माझ्या जागी तोही हेच बोलला असता.

शुक्रवारी सकाळी आमच्या बाजूच्या सरकारी कचेरीत फोन केला. बाई फार सभ्य. म्हणाली, क्वेबेकमध्ये पॉइंट एक टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर तो माल ॲस्बेस्टॉसयुक्त धरायचा, महाशय. हातोडा लावायचा नाही, परवानगी असलेली माणसं बोलवायची. मी विचारलं, आणि पलीकडे? तिने सांगितलं की पलीकडचं पलीकडच्यांना विचारा. मग पलीकडे प्रयोगशाळेला फोन लावला. तिथली पोरगीही फार सभ्य. म्हणाली, तुम्ही दिलेल्या पत्त्याप्रमाणे भिंत स्वच्छच आहे, सर. पत्ता बदलून हवा असेल तर नवा अहवाल काढून देते.

पत्ता बदलला की अहवाल बदलतो. भिंत तीच, पुट्टी तीच, माझ्या बापाच्या थापीच्या खुणा त्याच. म्हणजे ती भिंत दोरी बांधून पुलावरून ओढत नेली, तर बरोबर मध्यावर, जिथे दोन प्रांतांच्या पाट्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, तिथे ती ठणठणीत बरी होणार. परत आणली की आजारी. पूल चालत ओलांडायला दहा मिनिटं लागतात. आणि शहाणपण म्हणाल तर आमच्याकडेही आधीपासून होतं असं नाही. आम्हीच ते ॲस्बेस्टॉस डोंगर फोडून काढलं आणि अर्ध्या जगाच्या छपरांवर नेऊन घातलं. एका गावाचं नावच तेच होतं, परवापरवा लाजेखातर बदललं. विकताना आकडा कोणी विचारला नाही. आकडा आला तो गिऱ्हाईक संपल्यावर.

पण मला त्या सकाळी सरकारपेक्षा जास्त राग माझाच आला. चौतीस वर्षं मी पलीकडे भिंती फोडल्या. पॉइंट दोन, पॉइंट तीन, पॉइंट चार. कागद म्हणायचा 'नाही' आणि आम्ही तोंड उघडं ठेवून, विनोद सांगत हातोडे मारायचो. मी एकदाही पान तीन वाचलं नाही. आणि आता तीस शेजाऱ्यांना मी स्वतः, टाळ्या घेऊन, त्याच धुळीत बोलावलं होतं.

संध्याकाळी रोझेरकडे गेलो. तो अंगणात बार्बेक्यू घासत होता. सगळं ऐकून घेतलं, तीनही आकडे विचारले, मग ब्रश खाली ठेवला आणि शिकवणी घेतल्यासारखा बोलला.

"शून्य, शून्य आणि पॉइंट तीन. तिघांची सरासरी किती, मेव्हण्या? पॉइंट एक. झालं की. बरोबर रेषेवर."

"रेषेवर असलं तरी चालत नाही. पॉइंट एक किंवा जास्त असं आहे."

रोझेरने ब्रश पुन्हा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गणित बरोबर आलं होतं आणि नेमकं तेच त्याच्यावर उलटलं. मग चिडला. राडारोड्याचा कंटेनर दारात येऊन उभा आहे, पिझ्झाची ऑर्डर गेली आहे, तीस माणसांनी शनिवार राखून ठेवलाय, म्हातारी पंचेचाळीस वर्षं थांबली आहे. आणि परवानगीवाली माणसं बोलवायची तर त्यांच्याकडे नंबर ऑगस्टमध्ये. तुझ्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय, 'नाही' लिहिलंय ना? मग शेवटचं पान फलकावर लाव आणि तिसरं खिशात घाल. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, आणि ते मला जास्त लागलं, "रविवारी तूच उभा राहून सांगितलंस. आता परत उभा राहशील तर लोक तुला काय म्हणतील, विचार कर."

मी विचार केला. लोक मला गाढव म्हणतील. म्हणू देत, तसं म्हणायला कारण होतं.

शनिवारी आठ वाजता तळघर भरलं. हातोडे, पहारी, पोरांनी घरून आणलेल्या कुदळी. एक जण बेसबॉलची बॅट घेऊन आला होता. मादाम लाफ्रेनिएर यांनी भिंतीलगतच लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर अंड्याचे सँडविच, कडा कापलेले, त्रिकोणी, सहा ट्रे. आमच्याकडे जन्म असो की मरण, हे सँडविच असतातच. मादामनी नवा ॲप्रन घातला होता आणि गळ्यात मोत्यांची माळ. भिंत पडणार म्हणून माळ.

मी बिंगोचे आकडे पुकारणाऱ्याच्या खुर्चीवर चढलो आणि माइक चालू केला. सांगितलं की मी चुकलो. कागद पलीकडच्या नियमाने काढलेला आहे, आपल्या नियमाने ही भिंत तिप्पट वाईट आहे, चूक फॉर्मवर माझ्या हातून झाली, आज कोणी हातोडा लावू नका.

मग सुरू झालं. कोणी विचारलं, रविवारी झोपेत होतास का? एक जण म्हणाला, याला आज काम नकोय, पिझ्झा तेवढा पाहिजे. बॅटवाला म्हणाला, माझं घर त्याच सालचं आहे, मी बारा भिंती पाडल्या, बघा कसा घोड्यासारखा आहे. आणि बोलता बोलता त्याला ठसका लागला, तेव्हा सगळे हसले, तोही. मी हसलो नाही. रोझेर पुढे झाला. त्याने सरासरी काढली नाही, तेवढं शहाणपण त्याला रात्रीत आलं होतं. तो म्हणाला, हजारात तीन. हजार कण घेतले तर त्यात तीन. तेही फक्त खालच्या कोपऱ्यात. आणि हाच तुकडा ओटावाला नेला तर तिथले शिकलेले लोक म्हणतात पाडा बिनधास्त. ते काय मूर्ख आहेत?

हा प्रश्न चांगला होता. खुर्चीवर उभा राहून मी एवढंच म्हणालो की मला माहीत नाही कोण मूर्ख आहे, पण ती पुट्टी मी कालवली होती, तो ढग मी पाहिलाय.

"पुरे," रोझेर म्हणाला. "पहिला घाव मी घालतो. मला काही झालं तर माझ्या बायकोला सांगा, मेव्हण्याचं ऐकलं नाही म्हणून झालं." लोक हसले. त्याने हातोडा उचलला आणि दोन पाय फाकवून भिंतीसमोर उभा राहिला. मी खुर्चीवरून उतरलो आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने मेव्हण्याच्या हातोड्यासमोर उभं राहू नये, पण दुसरं काही सुचलं नाही.

"थांब रे जरा," मादाम लाफ्रेनिएर म्हणाल्या.

आम्ही दोघंही थांबलो. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नेहमीच्या वाटेने, बोळातून, बॉयलरला वळसा घालून, आणि त्याच वाटेने परत आल्या. त्यांना दोन पायऱ्या चढायला वेळ लागतो, म्हणून सगळे वाट बघत राहिले. हातात प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी होती. त्यांनी पहिला ट्रे झाकला, कडा नीट दाबल्या. दुसरा झाकला. तिसरा. रोझेरचा हातोडा अजून खांद्यावरच. चौथ्या ट्रेवर कागद ओढता ओढता मादामचे हात थांबले. त्या आपल्या झाकलेल्या सँडविचकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे. मग रोझेरकडे.

"मी हे कशाला झाकतेय, रोझेर?"

"धूळ पडेल म्हणून, मादाम."

"अंड्यावर पडली तर मी ट्रे कचऱ्यात टाकीन. तुझ्यात गेली तर तुला कुठे टाकू?"

रोझेरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, हे मी स्वतः पाहिलं, पटकन मिटलं. नाकानेही जरा बेतानेच श्वास घेतला असावा. हातोडा खाली आला तो सावकाश, जमिनीवर, आवाज न करता. मागच्या रांगेतली दोन माणसं जिन्याकडे सरकली. मग चार. मग बायकांनी एकेक ट्रे उचलला आणि सगळी वरात अंगणात गेली.

सकाळी पावणेनऊला आम्ही चिखलात उभं राहून अंड्याचे सँडविच खाल्ले. श्रमदान वाया जाऊ नये म्हणून गेल्या वर्षीची पानं गोळा केली, कुंपण रंगवलं, घंटेची दोरी बदलली. कंटेनरमध्ये दिवसभरात पानांची चार पोती पडली. बियर मात्र वेळेवर सुरू झाली. लोक माझ्याशी बोलले, पण बाजूबाजूने. माणसाच्या हातून शनिवार गेला की असंच होतं. मादामनी मोत्यांची माळ काढून ॲप्रनच्या खिशात ठेवली होती. मी त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो की भिंतीचं वाईट वाटतंय. त्या म्हणाल्या, वाईट मला वाटायचं आहे, तू पानं गोळा कर.

रात्री फादर परत आले. त्यांनी चारही पानं वाचली, तिसरं दोनदा, आणि चारही फलकावर लावली.

रोझेर माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. मग आमचा हॉकीचा संघ हरला आणि कोणाला तरी दोष देण्यासाठी त्याला माझी गरज पडली. त्या शनिवारचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. फक्त एकदा, गॅरेजमधला जुना बोर्ड काढायचा होता तेव्हा फोन करून विचारलं, नमुना कुठे द्यायचा. मी सांगितलं, कुठेही दे, पण पत्ता तुझा टाक.

ऑगस्टमध्ये माणसं आली, पांढरे पोशाख, तोंडाला यंत्रं, तळघर प्लास्टिकने बांधून काढलं. तीन दिवसांनी भिंत नव्हती. मादाम लाफ्रेनिएर यांनी पहिला ट्रे स्वयंपाकघरातून सरळ हॉलमध्ये नेला, अकरा पावलं, आणि टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, एवढंच होतं होय.

पण मला सांगायचंय ते मधल्या सोमवारचं, त्या शनिवारनंतरच्या. मी नेहमीसारखा पूल ओलांडून कामावर गेलो. एका जुन्या ऑफिसचा मजला फोडायचा होता. मुकादम डेझमंडच्या हातात कागद होता. मी मागितला. तो म्हणाला, स्वच्छ आहे. मी म्हणालो, पान तीन दे. पॉइंट चार होतं. मी गाडीतून मास्क आणला, साधा नाही, गाळण्या असलेला, आणि पट्टे ओढून बसवला.

डेझमंड म्हणाला, "अरे, कायद्याने काही नाहीये त्यात. इथे चालतं."

"इथे चालतं," मी मास्क वर करून म्हणालो. "पण फुप्फुसं रोज संध्याकाळी पलीकडे घरी जातात. तिथे चालत नाही."

बाकीचे हसले. एकाने डुकरासारखा आवाज काढून दाखवला. मी मास्क खाली केला आणि पहिला बोर्ड आधी पाणी मारून भिजवला, मग उतरवला. जेवायच्या सुट्टीत मी आत बसलो नाही. बाहेर ट्रकच्या फाळक्यावर बसून मादामनी दिलेलं पुडकं सोडलं. अंड्याचेच, तिसऱ्या दिवसाचे, प्लास्टिकचे दोन थर लावलेले. थोड्या वेळाने ज्याने डुकराचा आवाज काढला होता तो आपला डबा घेऊन बाहेर आला आणि शेजारी बसला. तोही गातिनोचाच, माझ्या मागच्या गल्लीतला. त्याने अर्धा डबा संपवला. मग विचारलं, तसला मास्क मिळतो कुठे.